भंडाऱ्याखालचा ओरखडा

मी मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचा पाइप बोलतोय. डावा पाइप. हे ‘डावा’ जरा लक्षात ठेवा, कारण पुढं सगळी गोष्ट त्याच्यावरच येऊन थांबणार आहे.

तुम्ही गाडीवर बसता, आरशात भांग बघता, हॉर्न वाजवता आणि निघता. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना उभे असलेले दोन चकचकीत पाय तुमच्या कधी डोळ्यांत भरतात का? ते आम्ही. मी आणि माझा उजवा भाऊ. खड्डा आला की आम्ही खालच्या जाड नळ्यात सर्रकन शिरतो, तिथल्या तेलात बुडी मारतो आणि तुमच्या कंबरेला धक्का लागायच्या आत वर येतो. नळ्याच्या तोंडाशी रबराची एक रिंग असते, तिला सील म्हणतात. आम्ही वर येताना आमच्या अंगावरचं तेल पुसून आत ठेवायचं, एवढंच तिचं काम. पण त्यासाठी आमचं अंग गुळगुळीत हवं. म्हणून आम्हाला क्रोमचा मुलामा असतो. लोकांना वाटतं तो मिरवण्यासाठी आहे. थोडा मिरवतोही मी, खोटं कशाला बोलू? पण तो मुलामा म्हणजे माझं कातडं आहे, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ आहे.

आमचा जन्म कारखान्यातला. भट्टी, ठोके, घासणं, शेवटी त्या उग्र वासाच्या पाण्यातली अंघोळ. एकाच दिवशी, एकाच हौदातून आम्ही दोघं बाहेर आलो आणि एकाच गाडीला लागलो. ती गाडी कुंडलच्या रविराजनं घेतली. फौजेत भरती झाल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीतली ती खरेदी. त्याचे वडील भाऊसो मूळचे आटपाडीकडच्या माळावरचे मेंढपाळ. उसाच्या मोकळ्या रानांत मेंढरं बसवायला म्हणून कुंडलला यायचे आणि एका वर्षी तिथंच टेकले. दारात बैलगाडीसुद्धा कधी नव्हती, तिथं एकदम मोटरसायकल आली. मग काय विचारता!

रविराज सुट्टीवर आला की आधी जुन्या बनियननं आम्हा दोघांना पुसायचा, मग चहा प्यायचा. लग्न होऊन सोनम घरात आली तेव्हा तिनं वाकून माझ्यात तोंड पाहिलं. मी गोल, त्यामुळे माझ्यात माणूस काकडीसारखा लांबट दिसतो. ती इतकी हसली की सासूबाई बनाबाई चुलीपाशी असूनही हसायला लागल्या. ते दिवस सुखाचे होते.

मग रविराजची बदली लांब झाली आणि सोनमही त्याच्याबरोबर गेली. जाताना त्यानं बजावलं होतं, “आबा, गाडी झाकून ठेवा. आन् कोरड्यात ठेवा बरं का.” भाऊसोंनी गाडी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली, वर ताडपत्री घातली. शब्द पाळला. पण माणूस एक गोष्ट जपतो आणि दुसरी तिच्याच अंगावर ठेवतो. मेंढरांना चाटायला घालायच्या मिठाची गोण ठेवायला भाऊसोंना आयता टेकू सापडला. तो टेकू म्हणजे आमचं चाक.

दोन पावसाळे ती गोण आमच्या छातीला टेकून होती. श्रावणात मिठाला पाझर सुटला की खारं पाणी ताडपत्रीच्या भोकांतून आमच्या अंगावरून ओघळायचं. आधी मोहरीएवढे तांबूस ठिपके आले. मग ठिपक्याला ठिपका मिळाला. ताडपत्रीखाली अंधारात मी आणि भाऊ एकमेकांचं अंग बघत होतो आणि आमच्या हातात काही नव्हतं.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर फोन वाजला. सोनम तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती, साताऱ्यापलीकडं खंडाळ्याला. मुलगी झाली होती आणि बारसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं होतं. भाऊसो शेडमध्येच होते. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“आबा, सुट्टी मिळाली! नवमीला घरात हाय मी. बारशाला आपुन दोघं गाडीवरच जाऊ. गाडी बरी हाय न्हवं?”

“बरी? आरशावानी हाय गड्या!” भाऊसो म्हणाले.

फोन ठेवला आणि मग त्यांनी ताडपत्री उचलली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडं बघून त्यांची पाचावर धारण बसली. आम्ही दोघं पायापासून मानेपर्यंत तांबडे झालो होतो. त्यांनी गोणीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं आणि गोण लाथेनं बाजूला सारली. त्या गरीब गोणीची यात काय चूक होती?

दुसऱ्या दिवशी अष्टमी. खंडेनवमीच्या पूजेसाठी हत्यारं उजळायचा दिवस. मेंढरांची लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळा असं सगळं अंगणात मांडून भाऊसो विटकरीच्या चुऱ्यानं घासत होते. उभ्या जन्मात त्यांनी लोखंडाचा एकच नियम पाहिला होता: घासावं तितकं उजळतं. कातरीला तो नियम लागू पडतो. कुऱ्हाडीलाही पडतो. आता त्यांची नजर शेडकडं वळली.

त्यांनी सुताराकडून आणलेला खरकागद घेतला. जाडा, लाकूड तासल्यावर मारतात तो. आधी भावापाशी बसले. दोन्ही हातांनी कागद गुंडाळून वरून खाली, खालून वर, जसं मेंढीचं दूध काढावं तसं जोर लावून घासायला लागले. तो आवाज मी कधी विसरणार नाही. गंज गेला, हो, पहिल्या चार हातांतच गेला. पण भाऊसो थांबेनात. गंजाबरोबर भावाचं कातडं सोलून निघालं, खालची पिवळसर झाक दिसायला लागली, आणि अंगभर उभे ओरखडे पडले. भाऊसो लांब होऊन बघत म्हणाले, “आत्ता कसं! नवं दिसाया लागलं.”

मग कागदाची नवी बाजू काढून ते माझ्याकडं सरकले. पहिला हात माझ्या मानेवर पडला. एक ओरखडा आजही तिथं आहे. दुसरा हात पडणार, इतक्यात दारातून आवाज आला, “आबा! थांबा! काय करतासा?”

ती पल्लवी होती, भाऊसोंची धाकटी लेक. सांगलीला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं शिकते, विश्रामबागेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दसऱ्यासाठी घरी आली होती, पाठीवरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. तिनं आधी बापाच्या हातातला कागद काढून घेतला आणि मग भावाच्या अंगावरून नख फिरवलं. कर्रर्र. नख जागोजाग अडकत होतं.

“गंज काढला म्या,” भाऊसो म्हणाले.

“गंज न्हाई आबा, क्रोम काढलंसा. ही काय कातर हाय व्हय?”

“तू मला लोखंड शिकवतीस? तुज्या आज्यापासनं कातरी उजळतोय आमी.”

पल्लवी वाद घालत बसली नाही. बॅगेतून डबा काढला. त्यात तिनं वाटेत खायला म्हणून चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या चपात्या होत्या. चपात्या आईकडं दिल्या, कागदाचा बोळा केला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि माझ्या अंगावरून हलक्या हातानं फिरवायला लागली. लहान पोराच्या गालाचा भात पुसावा इतक्या हलक्या हातानं. पाण्याचा तपकिरी चिखल व्हायला लागला. मऊ फडक्यानं तो टिपायचा, बोळा पुन्हा पाण्यात, पुन्हा हात. घटकाभरात मी उजळलो. गंजानं खाल्लेल्या जागी बारीक काळे ठिपके राहिले, देवीचे व्रण राहतात तसे, पण नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. शेवटी तिनं माझ्यावरून तेलाचं बोट फिरवलं.

“ह्यो कागद क्रोमपरास मऊ असतोय, आबा. झिजला तर कागद झिजतोय, पाइप न्हाई. खरकागद पाइपापरास टणक. तितं पाइप झिजतोय.”

मग पल्लवीनं हँडलला धरून गाडी दहा वेळा खाली दाबली. माझं अंग कोरडं राहिलं. भावाच्या अंगावरच्या ओरखड्यांमधून मात्र तेलाची एक ओली रेघ वर आली आणि बघता बघता नळ्यावरून खाली उतरली.

“हे बघा. खरबरीत अंगानं सील कापलं. आता हे तेल गळतच ऱ्हाणार. आन् ह्या बाजूला,” तिनं माझ्या पायाशी असलेल्या गोल पोलादी थाळीवर बोट ठेवलं, “ही ब्रेकची डिस्क हाय. हिला तेलाचा हात जरी लागला तरी म्होरला ब्रेक धरायचा न्हाई. खंडाळ्याच्या वाटंवरच्या बोगद्याच्या पल्याड केवढा उतार हाय ठावं हाय न्हवं? दादाला सांगा. गाडी दुरुस्त झाल्याबगर न्यायची न्हाई.”

“सांगतो की.”

“तुमीच सांगा. मी सांगितलं तर तुमची मान खाली जाईल, आन् मला ते बघवायचं न्हाई.” असं म्हणून तिनं देव्हाऱ्यातली बिरोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणून बापापुढं धरली. “भंडारा उचला.”

त्यांच्यात हळदीचा तो भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. भाऊसोंनी वाटीकडं पाहिलं. हात गुडघ्यावरच राहिला. “सांगतो म्हणलं न्हवं,” एवढं बोलून ते मेंढरांकडं निघून गेले. बारशाच्या तयारीला हात लावायला म्हणून पल्लवी आणि बनाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं खंडाळ्याला गेल्या. जाताना पल्लवी पुन्हा म्हणाली, “आबा, इसरू नगा.”

खंडेनवमीची पूजा झाली. कातर, कुऱ्हाड, विळा यांच्या ओळीत आमची गाडी. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. मग भाऊसो भंडाऱ्याची मूठ घेऊन आमच्यापाशी आले. मला चिमूटभर लावला. भावाला मात्र मानेपासून पायापर्यंत थापला. तेलावर भंडारा असा बसला की ओरखडे, पिवळसर झाक, ओली रेघ, सगळं झाकलं गेलं. ते देवाला लावत नव्हते, चूक लपवत होते, आणि हे मला कळत होतं तसं त्यांनाही कळत होतं.

मला त्यांचा राग आला. आजही येतो. पण रविराज आला तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. आल्याआल्या तो गाडीपाशी आला, माझ्यावरून बोट फिरवलं आणि एकदम बापाला मिठी मारली. “आबा, लय झ्याक ठेवलीसा गाडी! आमच्यातल्या पोरांच्या गाड्या घरी कुजल्या. तुमी मातूर जीव लावलासा.”

त्या मिठीतून बाहेर येऊन खरं बोलायला जी ताकद लागते ती त्या क्षणी भाऊसोंकडं नव्हती. कुणाकडं असते?

दसऱ्याच्या दिवशी रविराज गावभर सोनं वाटायला गाडी घेऊन फिरला. परत आला की भाऊसो फडकं घेऊन भावापाशी बसायचे, ओघळ पुसायचे, नवा भंडारा लावायचे. “आबा, गाडीची लय पूजा चाललीया,” रविराज हसून म्हणाला. “लेकरू झालंय, देवाचं नाव असू दे,” भाऊसो म्हणाले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही, हे रविराजच पल्लवीला फोनवर सांगत होता. तिनं बापाला फोन द्यायला सांगितलं. भाऊसोंनी हात हलवून नको म्हटलं.

बारशाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं रविराज, मागं भाऊसो, मांडीवर नातीसाठी विणलेली छोटी घोंगडी. डोक्याला पिवळा पटका. ताकारीच्या बाजूनं कऱ्हाड गाठलं आणि हायवेला लागलो. प्रत्येक खड्ड्याला भाऊ खाली जायचा आणि वर येताना त्याच्या अंगावरून तेलाची नवी रेघ सुटायची. भंडाऱ्याचा पिवळा चिखल झाला होता. भाऊसो मागून सारखे वाकून बघत होते. “आबा, नीट बसा, तोल जातोय,” रविराज दोनदा म्हणाला.

साताऱ्यात चहाला थांबलो. रविराजनं गाडी साइड स्टँडवर लावली आणि बारशासाठी कंदी पेढे आणायला गेला. साइड स्टँडवर गाडी कुठं कलते? डावीकडं. माझ्याकडं. भावाच्या पायाशी साठलेलं तेल चाकाच्या मधल्या भागावरून हळूहळू माझ्या बाजूला यायला लागलं. एक थेंब डिस्कच्या कडेला येऊन लोंबला. मी तो थेंब बघत होतो. मला वाचा असती तर चहाची टपरी हादरली असती.

भाऊसोंच्याही तो नजरेस पडला. चहाचा ग्लास तसाच ठेवून ते धावले, आणि पुन्हा तेच केलं जे त्यांना येत होतं. पुसलं. पटक्याचा लोंबता शेव घेऊन आधी भावाचा पाय पुसला, नंतर चाक पुसलं, आणि त्याच तेलकट शेवानं डिस्क पुसली. एका थेंबाचं तेल त्यांनी सगळ्या थाळीला सारखं लावलं. अहो आबा, नका! थेंब एका जागी होता तो बरा होता! पण पाइपाचं ऐकणार कोण? डिस्क चमकायला लागली आणि भाऊसोंना जरा बरं वाटलं.

साताऱ्याच्या बाहेर पडताना पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला. रविराजनं पुढचा ब्रेक दाबला. डिस्क सुर्रकन निसटली. मागचा ब्रेक होता म्हणून गाडी ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अलीकडं थांबली.

“म्होरला ब्रेक गुळगुळीत लागतोय,” रविराज म्हणाला. “धूळ बसली असंल. जाता जाता धरंल.”

भाऊसोंचा हात लेकाच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. भुईंज गेलं. सुरूर गेलं. घड्याळात बाराला थोडाच वेळ कमी होता आणि बारसं साडेबाराचं. रविराजनं वेग वाढवला. पोरीचं तोंड त्यानं अजून फोनमध्येच पाहिलं होतं. समोर डोंगर दिसायला लागला, ट्रकांची रांग बोगद्याकडं चढायला लागली. बोगद्याच्या पलीकडं खंडाळ्यापर्यंत उतार, आणि उतारातच वळण.

“रवी, थांबव.”

“आबा, आलंच की आता.”

“थांबव म्हणतो न्हवं! तुज्या लेकीची आन हाय!”

मागचा ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेला. रविराजनं वेळे गावापाशी गाडी कडेला घेतली, मागच्या ब्रेकवरच. भाऊसो उतरले. घोंगडी रविराजच्या हातात दिली आणि भावापुढं खाली बसून तो पिवळा चिखल त्यांनी बोटांनी खरवडून काढला. ओरखडे उघडे पडले.

“ह्ये बघ. म्या केलंय ह्ये. मिठाची गोण म्या टेकवली. गंज चढला, तर खरकागदानं सोलून काढला. पल्लवीनं सांगितलं तेल गळतंय, दादाला सांगा. म्या सांगितलं न्हाई. देवाचा भंडारा लावून झाकलं.” एवढं बोलून ते थांबले. मग डिस्ककडं बोट करून म्हणाले, “आन् आत्ता साताऱ्यात ह्येला बी तेलाचा शेव फिरवला. मला वाटलं पुसतोय.”

रविराज खाली बसला. डिस्कवरून बोट फिरवून त्यानं ते उन्हात धरलं. बोट चमकत होतं. मग तो उठून बोगद्याच्या दिशेनं जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहिला. भाऊसो तसेच बसून होते, पटका मांडीवर काढून ठेवलेला. मला वाटलं आता हा चिडणार, आणि त्यानं चिडावं असंही वाटलं.

“बोल की काय तरी,” भाऊसो म्हणाले. “दोन शिव्या तरी घाल.”

“आबा,” रविराज म्हणाला, “बोगद्याच्या आल्याड बोललासा, लय झालं. पल्याड बोलाय आपुन असतो का न्हाई, कुणाला ठावं.”

त्यानं वाकून पटका उचलला, झटकला आणि स्वतःच्या हातानं बापाच्या डोक्याला गुंडाळला. शेव आत खोचला, तेलाचा डाग दिसू नये म्हणून.

पुढचं बारसं मी पाहिलं नाही. आम्हाला वेळ्यात नानासो मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेलं आणि दोघं बापलेक दसऱ्याचा उरलेला झेंडू घेऊन निघालेल्या टेम्पोत बसून गेले. दुसऱ्या दिवशी पल्लवी रविराजबरोबर गाडी न्यायला आली, तेव्हा तिनंच नानासोंना सगळं सांगितलं. बाया पाळणा धरून तासभर थांबल्या होत्या. भाऊसोंनी झेंडूच्या पाकळ्या झटकत आत येऊन, कुणी विचारायच्या आधी, भरल्या मांडवात उशीर का झाला ते स्वतःच सांगितलं. भंडाऱ्याचंसुद्धा. व्याह्यांनी मान खाली घातली, बाया हसल्या, आणि बनाबाई म्हणाल्या, “घासायचा लय नाद. माजी बी तांब्याची कळशी अशीच भोकाला आणली व्हती!” मग पाळणा हलला आणि पोरीचं नाव शिवांजली ठेवलं.

नानासो मिस्त्री म्हणाले, “पाइप जोडीनंच बदला. ह्या डाव्याला बी ठिपकं हाईत.” पल्लवीनं माझ्यावरून नख फिरवलं. वरून खालपर्यंत, सावकाश, दोनदा. मानेपाशी एकदा अडकलं. तो ओरखडा सील पोचतं त्याच्या वर होता. “ह्येला ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. भाऊ निघाला. त्याच्या जागी नवा आला. डिस्क धुऊन साफ झाली, ब्रेकचे पॅड बदलले.

आता मी पुन्हा कुंडलला आहे. अंगावर काळे ठिपके, मानेवर एक ओरखडा. शेजारचा नवा भाऊ फार मिरवतो, मिरवू दे. महिन्यातून एकदा भाऊसो येतात. चांदीच्या कागदाचा बोळा, तांब्यात पाणी, मऊ फडकं. आधी नख फिरवून बघतात, मग हात लावतात. इतका हलका हात की कधीकधी मला गुदगुल्या होतात. शेजारचे धनाजी एकदा म्हणाले, “भाऊसो, जोर लावा की जरा.” तर भाऊसो म्हणाले, “जोर लावून बघितलाय गड्या.”

वाचणाऱ्यांनो, माझं मागणं मोठं नाही. चमकणारी वस्तू हाती आली तर आधी तिचं कातडं किती जाड आहे ते बघा, मग घासा. आणि हात जड पडलाच, तर उतार यायच्या आधी सांगून टाका.

माझा भाऊ भंगारात गेला नाही. भाऊसोंनी त्याला पिशवीत घालून घरी आणलं आणि शेडच्या भिंतीत आडवा ठोकला. मिठाची गोण आता त्याला टांगलेली असते, जमिनीपासून वर, कुणाच्या अंगाला न लागता. मिठानं तो पुन्हा तांबडा व्हायला लागला आहे. परवा पल्लवी बोळा घेऊन त्याच्याकडं गेली, तर भाऊसोंनी तिचा हात धरला.

“त्येला नगं,” ते म्हणाले. “त्यो तसाच असू दे. मला दिसाय पायजे.”